चार नंबरचा चुगलखोर

१

सुई हलली होती का?

इतकी वर्षं झाली तरी सकाळी चहा ओतताना हा प्रश्न समोर येऊन बसतो. माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही, हे आधीच सांगतो. परवा चष्मा कपाळावर चढवून मी तोच चष्मा अर्धा तास शोधत होतो. नांदेडच्या ज्या कॉलेजात एकतीस वर्षं केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं, तिथल्या प्राचार्यांची नावं ओळीनं सांगा म्हटलं तर मी तिसऱ्यावर अडतो. पण लातूरच्या कारखान्यातली ती एक दुपार मला मिनिटामिनिटानं आठवते, आणि नेमका त्यामुळेच मला तिचा संशय येतो. एवढं चोख आठवणारा साक्षीदार दुसरा कुणी असता तर मी त्याला खोटा ठरवला असता.

माझ्याकडे आधार म्हणजे त्या दिवशीची खिशातली वही. अक्षर माझंच आहे. ओळी तिरप्या गेल्या आहेत, दोन ठिकाणी पेनानं कागद फाटला आहे. म्हणजे मी घाईत होतो. खरं तर मी आनंदात होतो. आता ते कबूल करायला लाज वाटते.

२

फेब्रुवारी २०१६. निवृत्तीनंतर दरवर्षी फेब्रुवारीत मी दोन दिवस लातूरला जात असे. सकाळची एसटी, लोहा, अहमदपूर, चाकूर, आणि अकराच्या आत एमआयडीसीच्या टोकाचा तो कारखाना. मालक राजशेखर यांच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता. वार्षिक सफाईनंतर रजिस्टरात सरांची, म्हणजे माझी, सही झाल्याशिवाय एकाही रिअ‍ॅक्टरमध्ये थेंब टाकायचा नाही. सरकारी तपासणी वेगळी व्हायची. ही घरची खातरजमा.

काम साधं होतं. अकरा रिअ‍ॅक्टर, प्रत्येकाच्या डोक्यावर एक सेफ्टी वॉल्व्ह. आतला दाब हाताबाहेर गेला की वॉल्व्हची स्प्रिंग दबते, झाकण उचलतं, वायू पाइपातून निघून जातो आणि भांडं फुटत नाही. वॉल्व्ह उतरवायचा, वर्कशॉपच्या टेबलावर आवळायचा, खालून दाब चढवायचा. ठरल्या आकड्याला 'फट्ट' झालं की पास. फिटर चन्नबसप्पा उदगीरकडचा. दर फट्टला तो म्हणायचा, "शिंकला! तब्येत चांगली हाय."

चार नंबर मात्र वेगळा होता. त्याला आतून काचेचं अस्तर होतं, कारण त्यात ब्रोमीन पडायचं. लालसर तपकिरी, जड, धुमसणारं. लोखंड खातं, आणि श्वासातून गेलं तर फुप्फुसं जाळतं. ती वाफ वॉल्व्हला लागू नये म्हणून वॉल्व्हच्या खाली पातळ पत्र्याची एक चकती बसवलेली होती. दाब वाढला तर आधी चकती फुटणार, मग वॉल्व्ह उघडणार. चकती आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये चार बोटं उंचीचं एक कडं, आणि कड्याच्या कुशीला मनगटी घड्याळाएवढा, दाब दाखवणारा एक गेज. सुई शून्यावर असली म्हणजे चकती शाबूत. सुई चढली तर समजायचं की चकतीला कुठंतरी भोक पडलं आणि वाफ वर यायला लागली. चन्नबसप्पानं त्या गेजचं नाव ठेवलं होतं चुगलखोर.

चुगलखोरानं कधीच चुगली केली नाही. दिवसातून तीनदा रजिस्टरात 'शून्य' पडायचं. नऊ वर्षं शून्य. म्हणून मीच लेखी सल्ला दिला होता की चुगलखोर शून्यावर आहे तोवर चार नंबरचा वॉल्व्ह उतरवू नये. काचेच्या भांड्याला उगीच पान्याचे धक्के कशाला? सल्ला पुस्तकात बसणारा होता. वर्गात मी तो शिकवलाही होता.

३

मंगळवार, दुपारचे दोन. दहा वॉल्व्ह शिंकून झाले होते. चार नंबर टँकरच्या पाण्यानं धुऊन, वाळवून, झाकणाचे बोल्ट आवळून रिकामा ठेवला होता. तीन नंबरातला माल तयार होता. संध्याकाळपर्यंत तो चारमध्ये गेला नाही तर घट्ट होऊन फेकावा लागणार होता. चार वाजता ऑपरेटर व्यंकटी ब्रोमीन सोडायला सुरुवात करणार आणि रात्री दहापर्यंत चार नंबरच्या अंगाला लागून उभा राहणार. राहिली होती ती फक्त माझी सही.

जिन्यावरच्या मचाणावर, चार नंबरच्या झाकणापाशी, रजिस्टर घेऊन महामाया सोनकांबळे उभी होती. शिफ्टची इंजिनिअर, माझी विद्यार्थिनी. परीक्षेत उत्तरापेक्षा प्रश्नातली चूक आधी शोधणारी.

"शून्य लिहू ना सर?"

मी सवयीनं गेजकडे पाहिलं आणि "हो" म्हणायला तोंड उघडलं.

सुई उचलली. केसभर. मग खाली आली. थांबली. पुन्हा उचलली.

"महामाया, हे बघ."

ती वाकली. चन्नबसप्पाही वाकला. आम्ही तिघं त्या एवढ्याशा काचेवर तोंडं आणून उभे राहिलो.

"थरथर असंल," चन्नबसप्पा म्हणाला. "बाजूचा पंप चालू हाय न्हवं."

"थरथर अशी नसते, मामा," महामाया घड्याळाकडे बघत म्हणाली. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. "सोळा, सर. एका मिनिटाला सोळा. आणि वर जायला कमी वेळ, खाली यायला जास्त."

सोळा! माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. चाळीस वर्षं मी यंत्रं बघितली. यंत्राचा ताल मला ओळखता येतो. हा यंत्राचा नव्हता.

४

मग जे सुरू झालं ते मला अजून गोड वाटतं. सत्तरीचा माणूस, पण मी जिना तीनदा चढलो-उतरलो. एकेक कारण पकडायचं आणि त्याला बाद करायचं.

पंप? बंद केला. सुई हलतच राहिली.

वॉल्व्हच्या पुढं वायू ओढणारा पंखा होता. त्याचा झोत उलटा येत असेल? पंखा बंद. सुई हलतच राहिली. भांड्यात नायट्रोजन सोडणारी नळी गळत असेल? चन्नबसप्पानं नळी सोडवून तिच्या तोंडाला झाकणी आवळली. सुई हलतच राहिली. उन्हानं आतली हवा तापत असेल? मग सुई एकदा चढून तिथंच राहायला हवी; मागं का येईल?

"गेजच बिघडलाय," मी म्हणालो, आणि खरं सांगतो, ते खरं निघू नये असं मला वाटत होतं. "नवा आण."

चन्नबसप्पा कुरकुरत स्टोअरमधून सीलबंद डबीतला नवा गेज घेऊन आला. "सर, खामखा बेजार करून राहिलात. चार वाजता मालक माझ्या डोक्यावर नाचतील."

"नाचू दे. तू बसव."

जुना काढला, नवा बसवला. नव्या गेजची सुई दोन सेकंद शून्यावर निवांत पडली. मग उचलली. खाली आली. थांबली. उचलली.

मी टाळी वाजवली. सगळ्यांच्या देखत, लहान पोरासारखी. महामाया हसली नाही. तिनं रजिस्टरच्या समासात लिहिलं, 'स्पंदन, मिनिटाला १६. पंप, पंखा, नायट्रोजन बंद. गेज बदलला.' आणि खाली सही केली.

मी वहीत काय लिहिलं होतं? 'अद्भुत.' त्याखाली दोन रेघा.

५

व्यंकटी त्या वेळी खाली हातमोजे धूत होता. पस्तिशीचा, चाकूरचा, उंच, कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला हसवणारा. तोंडावर बांधायला त्याच्याकडे कायम एक विटकरी चौकड्यांचा गमछा. कंपनीचा मास्क तो वापरायचाच, वरून गमछाही बांधायचा. "मास्क मालकाचा, गमछा माझा," म्हणायचा.

महामायानं खाली वाकून हाक मारली, "व्यंकटी, वर या, जल्दी!"

तो दोन-दोन पायऱ्या घेत धावत आला.

आणि सुई वेडी झाली. भराभर, वरखाली, वरखाली. मी मोजू शकलो नाही. व्यंकटी माझ्या शेजारी धापा टाकत उभा होता. हळूहळू त्याची धाप कमी झाली. हळूहळू सुई संथ झाली. बावीस. अठरा. सोळा.

योगायोग म्हणून सोडून द्यावं इतपत अक्कल मला होती. पण तेवढ्यात व्यंकटीला ठसका लागला, आणि सुईनं दोन आकड्यांपलीकडे उडी मारली.

"व्यंकटी," मी म्हणालो. "श्वास धर बघू."

"का सर? डॉक्टर झालात काय?"

"धर रे. मी सांगेपर्यंत सोडू नको."

त्यानं गाल फुगवले, डोळे मोठे करून चन्नबसप्पाकडे बघितलं आणि श्वास धरला.

सुई थांबली. अर्ध्या वाटेत, जिथं होती तिथं.

दहा सेकंद. वीस. मी सुईवरून नजर हलवली नाही. तीस. चाळीस. माझं हृदय असं धडधडत होतं, जसं पहिल्या नोकरीचं पत्र फोडताना धडधडलं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं होतं, आणि हे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं!

"सर!" महामाया ओरडली. "त्याला सोडा म्हणा!"

मी विसरलो होतो. व्यंकटीचा चेहरा जांभळा पडला होता. सर सांगतील तेव्हाच सोडायचं म्हणून तो भला माणूस थांबला होता. त्यानं भस्सकन श्वास सोडला आणि सुई धाडकन शून्यावर आदळली.

"लई वेळ धरायला लावलं, सर," तो गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला. "मेलो असतो की."

चन्नबसप्पा हसला. मी हसू शकलो नाही. तोवरचा सगळा आनंद कुठंतरी खाली गळून गेला होता.

मी स्वतःचा श्वास धरून पाहिला. सुई चालूच. महामायानं धरला. चालूच. चन्नबसप्पानं "आता माझी बी परीक्षा" म्हणत नाक दाबलं. चालूच.

व्यंकटी कठड्याला टेकून शांतपणे श्वास घेत होता. सोळा.

६

चार नंबरच्या झाकणावर दोन गोल खिडक्या होत्या, जाड काचेच्या. एकीतून दिवा दाखवायचा, दुसरीतून बघायचं. आत काय असणार? दुपारी एक वाजता मी स्वतः आत वाकून पाहिलं होतं. निळं, चकचकीत, कोरडं काचेचं पोट. माणूस तर सोडाच, मुंगी नव्हती. बोल्ट माझ्यासमोर आवळले होते. चोवीस.

तरी मी चन्नबसप्पाला बॅटरी धरायला सांगितलं आणि दुसऱ्या खिडकीला डोळा लावला.

आधी काही दिसलं नाही. मग काचेच्या आतल्या अंगाला धुरकट डाग उमटला. तळहाताएवढा. आरशावर तोंडाची वाफ पडावी तसा. आणि विरला. पुन्हा उमटला. पुन्हा विरला.

ओल राहिली असेल. पाणी पुरवून पुरवून वापरलं होतं त्या वर्षी. धुण्यात कुठंतरी थेंब राहिला असेल, ऊन लागून वाफ धरत असेल. हे सगळं मी तिथं, डोळा काचेला लावलेल्या अवस्थेत, मनाशी म्हणालो. वाक्यं सुद्धा आठवतात.

डाग विरला तेव्हा त्याच्यामागं कापड दिसलं.

विटकरी. चौकड्यांचं. तोंडावर घट्ट बांधलेलं असतं तसं. नाक नव्हतं दिसत, डोळे नव्हते, एवढंच कापड, आणि ते मधोमध आत ओढलं जायचं, बाहेर फुगायचं. आत ओढलं जायचं.

प्रतिबिंब! काचेत प्रतिबिंब पडतं. व्यंकटी माझ्या मागं उभा आहे, त्याचा गमछा दिसतोय. मी मान न वळवता म्हणालो, "व्यंकटी, तोंडाचा गमछा जरा सोड."

"कुठला गमछा सर? खाली वाळत घातलाय की," तो म्हणाला. आवाज डाव्या बाजूनं, चार हातांवरून आला. मोकळा, स्पष्ट.

कापड आत ओढलं गेलं.

आणि बाहेर आलं नाही.

मी वाट पाहिली. कापड तसंच आत ओढलेलं राहिलं, मग त्यावर हळूहळू तो डाग आला, आणि तो विरला तेव्हा मागं फक्त निळी काच होती.

"सर," महामाया म्हणाली. "सुई थांबली. शून्यावर."

मी घड्याळ बघितलं. दोन वाजून त्रेपन्न. वहीत तेवढंच आहे. तिथंच कागद फाटला आहे.

७

"म्हणजे मिटलं," चन्नबसप्पा म्हणाला. "शून्य तर शून्य. करा सर सही."

पुढं तासभर सुई हलली नाही. व्यंकटी धावला, खोकला, हसला. सुई शून्यावर गाडल्यासारखी. पावणेचारला राजशेखरांचा फोन आला.

"सर, सुई आता शून्यावर आहे ना?"

"आहे."

"मग अडचण काय?"

काय सांगणार होतो? शिकलेला माणूस मी. कापडाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चुगलखोर शून्यावर असला तर वॉल्व्ह उतरवू नये, हा माझ्याच सहीचा कागद त्यांच्या फाइलीत होता. आणि समोर व्यंकटी हातमोजे घालत होता. त्यानं गमछा आणला होता. तो बांधला, गाठ मारली, आणि भरण्याआधी तो नेहमी करायचा तसं चार नंबरच्या अंगाला तळहात लावून कपाळाला नेला. कापड आत ओढलं गेलं. बाहेर फुगलं.

"मी सही करत नाही," मी फोनवर म्हणालो.

"सर, तीन नंबरचा माल जाईल."

"जाऊ द्या. वॉल्व्ह आणि चकती उतरवून बघितल्याशिवाय नाही."

"कारण तरी सांगा."

रजिस्टरात कारणाचा रकाना होता. मी त्यात एकच शब्द लिहिला, 'शंका', आणि तोच फोनवर वाचून दाखवला. महामायानं रजिस्टर खालून धरलं होतं.

मग राजशेखर म्हणाले, "वडील असते तर थांबले असते. थांबतो. पण पुढल्या वर्षी तुम्हाला त्रास देणार नाही, सर."

संध्याकाळच्या एसटीत मी अहमदपूरपर्यंत स्वतःला शिव्या देत होतो. म्हातारा झालास, डोकं फिरलं, माणसांचा माल घालवलास.

दुसऱ्या दिवशी दुपारी महामायाचा फोन आला. तिचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही.

"सर, चकतीची चाळणी झालीय. हातात घेतली तर तुकडे पडले. वॉल्व्ह आतून खाल्लेला, दांडी गंजून चिकटलेली. टेबलावर दुप्पट दाब दिला सर, उचलला नाही. चन्नबसप्पामामांनी हातोडा मारला, तरी नाही." ती थांबली. "काल भरलं असतं, आणि दाब वाढला असता..."

"व्यंकटी कुठाय?" मी विचारलं.

"इथंच. चहा पितोय."

मी फोन ठेवला. मग हळूहळू माझं डोकं कामाला लागलं, आणि मला धीर आला. चकतीला भोकं होती. म्हणजे आतली हवा वर येत होती. म्हणजे सुई हलण्याला कारण होतं! ताल, ठसका, कापड, ते म्हाताऱ्याचे खेळ. पण मूळ गोष्ट शास्त्रात बसत होती. चुगलखोरानं चुगली केली होती, एवढंच. त्या आधारावर मी सात वर्षं नीट झोपलो.

८

२०२३ च्या मे महिन्यात व्यंकटीच्या मुलीचं, सृष्टीचं, लग्न झालं. त्याआधी तो पत्रिका द्यायला नांदेडला आला होता. लग्नाला जमलं नाही, म्हणून जूनमध्ये लातूरला जाताना मी चाकूरला उतरलो. मुलगी सासरहून आलेली होती, तिला साडी द्यायची होती.

व्यंकटीचे केस पांढरे झाले होते. "आता मी ब्रोमीन सोडत न्हाई सर, पोरांना शिकवतो," म्हणाला. त्याची बायको दीपमाला पाणी द्यायला माठाकडे वळली, आणि मी तिच्यामागं बघत राहिलो.

माठाखाली ते कडं होतं. चार बोटं उंच, कुशीला नळीचा छोटा कोंब.

"वळखलं?" व्यंकटी हसला. "नवं बसवलं तवा हे भंगारात चाललं होतं. चन्नबसप्पामामा म्हणला, ने. सोड्यानं चार बार धुतलं. माठाला बघा कसं फिट बसलंय."

"जरा काढून दाखवशील?"

दीपमालानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण माठ उतरवला. कडं माझ्या मांडीवर आलं. जड, थंड, ओलं. बाहेरून नळीच्या कोंबात भोक होतं, त्यातच गेज बसायचा. मी आतल्या अंगावरून बोट फिरवलं. भोक जिथं निघायला हवं तिथं. मग पुढं. मग सगळीकडं, गोल.

"काय शोधून राहिलात सर?"

मी खराट्याची काडी मागितली. ती बाहेरच्या भोकात घातली. इंचभर आत गेली आणि अडकली. घाण असेल. मी दाभण मागितलं. तेही तिथंच अडकलं, धातूवर धातू वाजला. व्यंकटी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता, आणि नको नको म्हणत असताना मी तो मोजत होतो.

कडं मी मागून नेलं. नांदेडला ओळखीच्या लेथवाल्याकडून कोंबाच्या मधोमध उभं कापून घेतलं. दोन्ही तुकडे आता माझ्या टेबलावर आहेत. गेल्या आठवड्यात महामायाला विचारून खात्री केली, २००७ पासून त्या दिवसापर्यंत चार नंबरवर हेच एक कडं होतं. बनवणाऱ्यानं बाहेरून भोक पाडायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. भोकाचा तळ आणि कड्याची आतली बाजू, यांच्यात सलग धातू आहे; आतली हवा गेजपर्यंत पोचायला वाटच नव्हती. मी तीनदा मोजला. नऊ मिलिमीटर.